टच, टॅकल की नुसता सराव? बडोद्यातल्या छोट्या रग्बी क्लबाने ठरवायचं कसं

सप्टेंबर २०२१, कोरोना अजून गेलेला नाही. गणपती झाले, ७ ऑक्टोबरला घट बसतील आणि सरकारने शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, ४०० माणसांची मुभा दिली आहे. साहजिकच क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरं विचारायला लागली आहेत: गरबा चालतो, मग रग्बी का नाही? विचारण्यात काही गैर नाही. पण ‘रग्बी सुरू करायचं की नाही’ असा हो-नाहीचा सवाल टाकला की कमिटीची बैठक भांडणात संपते. सुरू करायच्या तऱ्हा तीन आहेत. लहान गटांत नुसता सराव, टच रग्बी (पाडायचं नाही, नुसतं शिवायचं) आणि टॅकलसकटचं, म्हणजे अंगाला भिडून पाडण्यासकटचं, सेव्हन्स (सात-सात जणांचा खेळ). पंधरा-पंधराचा पुरा सामना मी धरलेलाच नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा माणसं उभी करताना छोट्या क्लबाची कोरोना नसतानाही दमछाक होते.

हे लिहिलंय ते कमिटीतल्या मंडळींसाठी आणि अठराच्या आतल्या खेळाडूंच्या आईबाबांसाठी. दोघांना एकच उत्तर लागू पडणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

धोका नक्की कुठे आहे

मे २०२० मध्ये वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने नियमांत दहा ऐच्छिक बदल सुचवले. दोन्ही बाजूंनी एकमेकांत अडकून रेटारेटी करायचा स्क्रम कोसळला तर तो पुन्हा पुन्हा लावत बसू नये, चेंडू असलेल्याला उभ्यानेच घेरून ढकलाढकली करायची ती मॉलची झुंबड आटोक्यात ठेवावी, अशी त्यांची दिशा. त्यामुळे स्क्रममधला संपर्क ३० टक्क्यांहून अधिक, मॉलमधला निदान ५० टक्के आणि जमिनीवरच्या चेंडूवर झुंबड उडते त्या ‘रक’मधला २५ टक्क्यांपर्यंत घटेल, असा त्यांचा अंदाज होता. आकडे ऐकायला भारी वाटतात, पण ते पंधरा जणांच्या खेळाचे आहेत. तिथे स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ जण डोकी अडकवून उभे असतात. सेव्हन्समध्ये तीन विरुद्ध तीन, आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन भागांत आटोपतो. तेव्हा परदेशी नियमावली जशीच्या तशी छापून नोटीस बोर्डवर लावली, तर आपल्याकडे जे फारसं घडतच नाही त्यावर बंदी येईल आणि जे रोज घडतं ते मोकळं सुटेल.

इंग्लंडमध्ये तेरा जणांच्या रग्बी लीगमध्ये २०२० साली चार सामने असे झाले की त्यांत आठ बाधित खेळाडू खेळून गेले. सामन्याच्या वेळी कोणाला पत्ता नव्हता. संशोधकांनी नंतर चित्रफिती तपासून कोण कोणाच्या तोंडाजवळ किती वेळ होतं ते शोधलं. असे जवळचे २८ खेळाडू निघाले. पुढे जे थोडे पॉझिटिव्ह आले, त्यांचा धागा सामन्यापेक्षा संघातल्या किंवा बाहेरच्या संसर्गाशी जुळत होता. उघड्यावर, वाऱ्यात, दोन-तीन सेकंदांच्या टॅकलमधून लागण होणं सोपं नाही, असं यावरून दिसतं. मात्र हा अभ्यास कोरोनाचा डेल्टा प्रकार येण्याआधीचा आहे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये डेल्टाने गुजरातेत काय केलं ते आपण पाहिलंय. तेव्हा याचा आधार घ्यावा, पण भरवसा ठेवू नये.

मग रोज काय घडतं? सराव संपल्यावरची वीस मिनिटं बघा. एका ॲक्टिव्हावर तिघं, मास्क खिशात. पंखा बंद असलेल्या खोलीत दहा जण एकदम बूट काढतात. तिथून सगळे शेव-उसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर. लारीच्या कडेला कोपराला कोपर लागलेले, डिशमध्ये वरून आणखी तर्री ओतून घेतलेली, आणि ती तिखट तर्री घशाशी गेली की सातातले चार जण तोंडावर हात न धरता खोकतात. मैदानातल्या कुठल्याही टॅकलपेक्षा मला या लारीची धास्ती जास्त वाटते. तिन्ही पर्याय जोखताना हे डोक्यात ठेवा: मैदानाबाहेरची शिस्त सांभाळता येत नसेल, तर मैदानात कोणता पर्याय घेतला याने फारसा फरक पडत नाही.

नुसता सराव

सहा-सहाचे गट, प्रत्येक गट ठरलेला, माणसं अदलाबदल नाहीत. पास, किक, पळणं, पायांचं काम. जमेची बाजू एकच पण वजनदार: एखादा पॉझिटिव्ह निघाला तर सहा जण घरी बसतात, सगळा क्लब नव्हे. खर्च जवळपास शून्य.

तोटा असा की पोरं कंटाळतात. पहिल्या आठवड्यात हौसेने येतात, नंतर कोणाला क्लास, कोणाला ताप आल्यासारखं. शिवाय तीन गट म्हणजे लक्ष ठेवायला तीन माणसं हवीत, आणि आपल्याकडे प्रशिक्षक बहुधा एकच, तोही नोकरी सांभाळून येणारा. पंधरा दिवसांपुरता हा मार्ग उत्तम. दिवाळीपर्यंत ताणला तर क्लब विस्कटेल.

टच

टचमध्ये एका बाजूला सहा जण. पाडायचं नाही, हाताने शिवायचं. सहा वेळा शिवलं गेलं की चेंडू दुसऱ्या बाजूला. पुरं मैदान ७० बाय ५० मीटरचं, म्हणजे बारा जणांना ऐसपैस. दोघं समोरासमोर येतात ते हातभर अंतरावर आणि क्षणभर. इंग्लंडच्या रग्बी युनियननेही २०२० मध्ये क्लब उघडताना टॅकलआधी असाच बिनसंपर्काचा प्रकार आणला, ‘रेडी फॉर रग्बी’ नावाने. स्क्रम आणि मॉल वगळून टॅकलच्या सामन्यांना वाट मिळाली ती डिसेंबरात. पायरी-पायरीने जाण्याचा तो क्रम मला पटतो.

आपल्यासाठी आणखी एक कारण आहे, आणि त्याचा विषाणूशी संबंध नाही. मैदान काळ्या मातीचं असेल तर पाऊस थांबल्यावर दोन आठवड्यांत ते दगडासारखं होतं, भेगा पडतात, पावसात रुतलेल्या बुटांचे खळगे तसेच वाळतात. महिनोन् महिने न पडलेली अंगं अशा जमिनीवर आपटायची म्हणजे खांदे आणि मनगटं डॉक्टरकडे न्यायची तयारी ठेवायची. टचमध्ये पडावंच लागत नाही. घोट्याची काळजी तेवढी घ्यावी.

मुली-मुलगे एकत्र खेळू शकतात, ही टचची दुसरी सोय. लॉकडाऊननंतर मुलींची संख्या रोडावलेल्या क्लबात दोन अर्धवट संघांऐवजी एक धड संघ होतो.

टचविरुद्ध तक्रार येते ती फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये उतरणाऱ्या मंडळींकडून: ‘हे कसलं रग्बी!’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. टचची सवय लागलेला खेळाडू ताठ उभा पळतो, खांदा खाली घ्यायचं विसरतो आणि पुढे खऱ्या टॅकलला सामोरा गेला की मार खातो. यावर उपाय म्हणजे टचच्या जोडीला आठवड्यातून एकदा मानेचे, खांद्याचे व्यायाम आणि टॅकल बॅगवर एकेकट्याने काम. बॅग खोकत नाही.

टॅकलसकट सेव्हन्स

इथे प्रश्न लसीचा. २०२१ च्या नियमाप्रमाणे कोविशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर ठेवायचं आहे. जुलैच्या सुरुवातीला पहिला डोस घेतलेल्याचा दुसरा आत्ता होतोय. जुलैच्या अखेरीस घेतलेल्याचा २० ऑक्टोबरच्या आसपास. वर दोन आठवडे धरले तर त्याला ४ नोव्हेंबरची दिवाळीच उजाडते. आपल्या क्लबातले बरेचसे कॉलेजवाले याच दुसऱ्या गटात मोडतात. म्हणजे ‘सगळ्यांचे दोन डोस’ ही अट मनापासून पाळायची, तर दिवाळीआधी टॅकल नाही. कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे हेही बघा. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत आजी-आजोबा, नातू एकाच छपराखाली राहतात. खेळणारा विशीतला असला तरी धोका सत्तरीतल्यांना.

‘मला होऊन गेलाय’ हे उत्तर हमखास मिळतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या सीरो (रक्ततपासणीच्या) सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, तेव्हा ते खरंही असेल. पण होऊन गेलेल्यालाच जास्त जपावं लागतं. ब्रिटनच्या क्रीडावैद्यांनी २०२० मध्ये सांगितलेला क्रम सोपा आहे: लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस विश्रांती, त्यात लागोपाठ सात दिवस लक्षणांशिवायचे, मग हलक्या चालण्या-पळण्यापासून टप्प्याटप्प्याने वर. छातीत दुखलं, धडधडलं, जिना चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागली, तर आधी ईसीजी, मग मैदान. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असताना जोरात पळणं जिवावर बेतू शकतं. इथे कोणाच्या मर्दानगीचा मुलाहिजा ठेवू नका.

चाचणीचा खर्चही मोजा. घरी करायचा अँटिजेन किट २०२१ मध्ये २५० रुपयांना. सेव्हन्सचा संघ बारा जणांचा, दोन संघांचे चोवीस किट, म्हणजे एका मैत्रीपूर्ण सामन्याला ६,००० रुपये. एवढं करूनही निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही. लहान क्लबाला हे दर रविवारी झेपणारं नाही.

आणि एक बारीकशी सवय, जी टॅकल सुरू होताच परत येते. शिट्टी वाजली की खेळाडू तोंडातलं माउथगार्ड बोटांनी काढतो, मोज्यात खोचतो, त्याच हाताने पुढच्याला टाळी देतो, मग मोज्यातलं तसंच पुन्हा तोंडात. प्रत्येकाला झाकणाची डबी द्या आणि ती बाटलीशेजारी ठेवायला लावा.

‘त्यापेक्षा आखाडा बरा ना?’

जुम्मादादा आणि माणिकराव या व्यायामगुरूंच्या गावात हा प्रश्न येणारच, आणि आईबाबा तो गंभीरपणे विचारतात. मल्लखांब यात सरळ उजवा: खांबावर एका वेळी एक जण, बाकीचे लांब उभे राहू शकतात. फक्त व्यायामशाळा बंदिस्त हॉलमध्ये भरत असेल तर खिडक्या उघड्या हव्यात. खो-खोही वाईट नाही. बसलेले आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि खेळ शिवण्याचाच. कबड्डीबद्दल मात्र गैरसमज आहे. आपल्या मातीतली म्हणून ती सुरक्षित वाटते, पण चढाई करणारा सात जणांच्या तोंडासमोर मोठ्याने ‘कबड्डी, कबड्डी’ घुमवतो, आणि पकड झाली की सगळे त्याच्या अंगावर. टच सोडाच, सेव्हन्सपेक्षाही मला ती जास्त जवळिकीची वाटते. २०२० मध्ये प्रो कबड्डीचा मोसम झालाच नाही, हे विसरू नका.

पैसे कशावर घालवू नयेत

दर दहा मिनिटांनी चेंडू सॅनिटायझरने पुसणं थांबवा. वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,०००मध्ये एकाहून कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच म्हटलं आहे. सराव झाल्यावर एकदा साबणाने धुतला की पुरे. फाटकावर कपाळाला धरायची तापमापक बंदूकही शोभेपुरती. ताप यायच्या आधीच माणूस इतरांना देत असतो. त्यापेक्षा एक साधी वही ठेवा: तारीख, गट, कोण आलं, कोणाच्या घरी कोण आजारी आहे. एखादा पॉझिटिव्ह निघाला की फोन कोणाला करायचे ते तिच्यावरून पाच मिनिटांत कळतं. स्वतःची बाटली स्वतःची. सामन्याआधी गळ्यात गळे घालून आरोळी ठोकायची ती बंद.

माझं मत

अठराच्या आतल्यांसाठी: आत्ता दोन आठवडे सहाच्या गटांत सराव, नंतर टच, आणि टचवरच थांबा. झायकोव्ह-डी या लसीला ऑगस्ट २०२१ मध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी मंजुरी मिळाली असली तरी सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत ती मुलांना टोचली गेलेली नाही. लस मिळेपर्यंत टॅकलसाठी हट्ट धरणाऱ्या पोराला आईबाबांनी नाही म्हणावं, आणि क्लबाने त्यांना साथ द्यावी.

अठरावरच्यांसाठी आत्तापासून टच. ज्या क्लबात सगळ्यांचे दोन डोस होऊन पंधरवडा उलटलाय, खोलीऐवजी उघड्यावर कपडे बदलायची सोय आहे आणि लारीवरचा मेळावा खरोखर बंद होऊ शकतो, त्यांनी दिवाळीनंतरच्या आठवड्यात टॅकल सुरू करायला माझी हरकत नाही. तिथेही आधी आपसांत, दुसऱ्या क्लबाशी सामना त्यानंतर तीन आठवड्यांनी. यातली एक अट जरी कच्ची असेल तर टचवरच राहा, फॉरवर्ड कितीही कुरकुरले तरी.

गरब्याचं म्हणाल तर नऊ रात्री गर्दीत नाचून आलेल्यांचा सराव दसऱ्यानंतर, म्हणजे १५ ऑक्टोबरपासून, दहा दिवस पुन्हा सहाच्या गटांत घ्या. कोणी खोकला लपवत असेल तर तो या दहा दिवसांत बाहेर येईल. २५ तारखेला वही उघडा, सगळे ठणठणीत असतील तर टच परत सुरू.