कार्डियामोबाईल: आईची धडधड शेवटी पकडली

आईचं वय 68, बीपीची गोळी चालू. गेली दोन वर्षं अधूनमधून म्हणायची, छातीत पाखरू फडफडतंय. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल. 24 तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी टिपत राहणारं यंत्र, लावला तर नेमकं त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि एका डॉक्टरांनी तर पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

मग अलाइव्हकोर कंपनीचं कार्डियामोबाईल हे यंत्र घेतलं. छोटी पट्टी, दोन धातूचे तुकडे, त्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवून 30 सेकंद गप्प बसायचं, मोबाईलवर ईसीजी उमटतो. एका पहाटे साडेचारला आईने हाक मारली, "सुरू झालं बघ." पहिल्यांदा नुसतंच गिचमिड आलं, कारण भांडी घासून घासून बोटं खरखरीत कोरडी झालेली. ओल्या फडक्याने पुसली, हात टेबलावर टेकवले, मग रेष स्वच्छ आली. उंच टोकं कुठे जवळजवळ, कुठे लांब, काही मेळच नाही. खाली लिहून आलं, पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेली असू शकते.

तीच पीडीएफ कार्डिऑलॉजिस्टना दाखवली. त्यांनी मोठा ईसीजी, इको, थायरॉईड सगळं केलं आणि नीट बसवून समजावलं की हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली की लकवा, आणि हा धोका साधारण 5 पट वाढतो. धडधडीपेक्षा हे ऐकून माझे हातपाय गार पडले. आता रक्त पातळ करायला अपिक्साबॅन दिवसातून दोनदा आणि ठोके आवरायला मेटोप्रोलॉल.

आमच्याकडचं मॉडेल मोबाईलशी आवाजाच्या लहरींनी बोलतं, त्यामुळे मोबाईल जवळ ठेवा आणि टीव्ही बंद करा. कधी 'अनक्लासिफाइड' येतं, म्हणजे यंत्राला नक्की ठरवता आलं नाही, तेव्हा घाबरू नका, थोडं थांबून परत घ्या. पण यात हार्ट अटॅक कळत नाही हो, छातीत दुखलं तर पट्टी शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पेसमेकर असलेल्यांसाठीही हे नाही.

परवा रीडिंग नॉर्मल आलं तर आई म्हणाली, मग आजची गोळी नको ना? डॉक्टरांना फोन लावून दिला. ते म्हणाले, काकू, ठोके नीट असले तरी रक्त पातळ करायची गोळी एक वेळही चुकवायची नाही.