सोयरे तेच, भावकी तीच: गुंतलेल्या घराण्यांची वंशावळ शोधताना आधी कोणते दफ्तर उघडावे?

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या एखाद्या जुन्या शेतकरी घराण्याची वंशावळ मांडायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या पिढीपाशी रेघा एकमेकींत अडकतात. पाच-सात गावांच्या टापूतच पिढ्यान्‌पिढ्या लेकी दिल्या-घेतल्या गेलेल्या असतात. मामाची मुलगी केलेली असते, साटेलोटे झालेले असते, सख्ख्या भावांना सख्ख्या बहिणी दिलेल्या असतात. अशा ठिकाणी बापाकडून आज्याकडे, आज्याकडून पणज्याकडे चढत जाणारी यादी अर्धेच काम करते. कोणती बाई कुठल्या घरातून आली हे कळल्याशिवाय नाते लागतच नाही. म्हणून कागद किती जुना आहे, यापेक्षा त्यात लेकी-सुनांची नावे सापडतात का, यावर त्याची किंमत ठरवावी. नवशिके नेमके उलटे करतात: सर्वांत लांबलचक वंशावळ ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे आधी धावतात.

तीर्थोपाध्यायाची वही आणि हेळव्याची वही

तीर्थक्षेत्रीचा उपाध्याय आणि गावोगाव फिरून वंशावळ वाचणारा हेळवी, दोघांच्याही वह्या खोलवर नेतात, पण वेगवेगळ्या वाटेने. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या उपाध्यायांच्या वह्या गावानुसार आणि आडनावानुसार लावलेल्या असतात. कोणत्या टापूचा यजमान कोणाकडे, हे पिढीजात ठरलेले असते. त्यामुळे पहिली चौकशी स्वतःच्या नावाने नव्हे, तर गाव, तालुका, जात आणि आडनाव सांगून करावी लागते. नोंद होते ती यात्रेकरू तिथे गेला तेव्हाच, म्हणजे अस्थिविसर्जन, श्राद्ध किंवा सिंहस्थाच्या वेळी. ज्या शाखेतून कोणी गेलेच नाही ती शाखा वहीत नसते, आणि वहीत नाही म्हणून ती नव्हतीच असे धरून चालणारे पुढे हमखास अडकतात.

या वह्यांची खरी ताकद श्राद्धविधीत आहे. पितृत्रयी, मातृत्रयी आणि सपत्नीक मातामहत्रयी, म्हणजे आईच्या वडिलांपासून वरच्या तीन पिढ्या, यांची नावे विधीला लागतात. काही उपाध्यायांनी ती वहीतही टिपलेली आढळतात. तेव्हा वही उघडली की फक्त वडिलांकडची ओळ उतरवून परत येऊ नका. आजोळची नावे लिहिली आहेत का, हे विचारा, आणि आजोळच्या गावाची वही ज्या उपाध्यायांकडे असेल त्यांचे नावही विचारून घ्या. नाशिकला 2026-28 चा सिंहस्थ आहे. त्या गर्दीत निवांत पाने उलटायला कोणाला सवड मिळणार नाही. जायचे तर सिंहस्थ नसेल तेव्हा जा.

हेळवी मात्र स्वतः गावात येतो. सुगीनंतर बैल घेऊन घरोघर फिरून तो कुळी, मूळगाव आणि पिढ्या वाचून दाखवतो, नवी जन्मलेली मुले वहीत चढवतो आणि धान्य, कापड, पैसे घेतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात ही परंपरा आहे. तिचा भर पुरुषांच्या शाखांवर, म्हणजे मूळ गाव कोणते आणि कोणत्या भावापासून कोणती वाडी फुटली यावर असतो. वही कन्नड किंवा मोडीत असू शकते, म्हणून वाचन ऐकताना ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी मागा. दोन्हींत निवड करायची तर: घराणे मुळात कुठून आले हा प्रश्न असेल तर हेळवी, एखादा आजोबा कोणत्या साली हयात होता आणि त्याचे भाऊ कोण, हा प्रश्न असेल तर उपाध्याय. सोयरिकींचा गुंता मात्र दोघांपैकी कोणाकडेही पुरता सुटत नाही.

महसुली दफ्तर: खरे काम इथे होते

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली आला. तेव्हापासून खातेदार मेला, जमीन विकली, गहाण पडली किंवा वाटप झाले की फेरफार (गाव नमुना 6) लिहिला गेला. वारसांची नोंद आधी गाव नमुना 6-क मध्ये, मग फेरफारात. वंशावळीसाठी याच्याइतका दाट कागद दुसरा नाही, कारण सगळे नाते जमिनीच्या तुकड्याला बांधलेले असते.

काम असे करावे. आजचा सातबारा घ्या आणि गट नंबर पाहा. गट नंबर हे जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत पडले, त्याआधी सर्वे नंबर आणि हिस्से होते. जुना नंबर मिळवायला भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) उतारा लागतो. मग जुने हस्तलिखित सातबारे मागवा. त्यांत नावाशेजारच्या वर्तुळात फेरफार क्रमांक असतो आणि कमी केलेल्या नावाला कंस केलेला असतो. प्रत्येक क्रमांकाची यादी करून तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. काही तालुक्यांची जुनी कागदपत्रे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेली मिळतात. आधी तिथे पाहिले तर एखादी फेरी वाचते. नुसता 'आमच्या घराण्याचे सगळे फेरफार द्या' असा अर्ज केला तर हाती काही लागत नाही. क्रमांक लागतो.

वाचताना तीन खुणांवर डोळा ठेवा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन एकाच भावाच्या नावे दिसते, पण मागे तीन-चार भाऊ असतात. या खुणेकडे दुर्लक्ष झाल्याने धाकट्या भावांच्या आख्ख्या शाखा वंशावळीतून गळतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अल्पवयीन वारसाचा पालक. बाप वारला आणि मुलगा लहान असेल तर इथे आईचे नाव येते, कधी मामाचे. मामाचे आले की आजोळचे आडनाव आणि गाव दोन्ही एका ओळीत हाती लागतात. तिसरी खूण बायकोच्या उल्लेखाची: 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' (पुनर्विवाह करून आलेली) असा भेद जुन्या नोंदींत आढळतो. पाट लावून आलेल्या बाईची आधीच्या घरातली मुले वेगळ्या आडनावाची असतात आणि ती दुसऱ्याच गावच्या फेरफारात सापडतात.

मोठी अडचण कालखंडाची आहे. 17 जून 1956 रोजी हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याआधीच्या वारस नोंदींत साधारणपणे मुलगेच येतात, मुलगा नसेल तर विधवा. म्हणजे 1930 च्या फेरफारात मुलगी दिसत नाही म्हणून त्या माणसाला मुली नव्हत्या असे मुळीच नाही. 1956 नंतर चित्र बदलते: 'मुलगी, सासरचे नाव अमुक, राहणार तमुक' असे स्पष्ट लिहिलेले मिळू लागते. पुष्कळ ठिकाणी लगोलग पुढच्याच फेरफारात त्या बहिणींनी हक्क सोडल्याची वर्दी असते. काही गावांत 1956 नंतरही मुली लिहायचे टाळले गेले. तिथे 6-क ची नक्कल आवर्जून मागा, कारण फेरफारात गाळलेले नाव कधीकधी तिथे राहून गेलेले असते.

1956 ते 1980 या काळात वारलेल्या म्हाताऱ्यांच्या वारस नोंदी सर्वांत मोलाच्या. त्यांच्या मुली 1900 ते 1940 च्या दरम्यान जन्मलेल्या आणि दिलेल्या. म्हणजे कायदा नंतरचा असला तरी नोंद आधीच्या सोयरिकींची मिळते. गुंतलेल्या घराण्यांचे काम सुरू करायचे तर इथून करावे, हे आमचे ठाम मत आहे.

आणि एका घराण्याचे फेरफार काढून थांबू नये. दोन्ही गावांच्या वारस नोंदी समोरासमोर ठेवाव्यात. या गावच्या मोरेंची मुलगी त्या गावच्या साळुंख्यांत दिली आणि साळुंख्यांची मुलगी मोरेंत आली असे समजा. एका बाजूला मोरे बाईचे सासर मिळेल, दुसऱ्या बाजूला साळुंखे बाईचे. एकाच पिढीत दोन्ही बाजूंनी नाव आले तर साटेलोटे. लागोपाठच्या पिढ्यांत एकाच बाजूने मुली जात राहिल्या तर मामाची मुलगी करण्याची रीत. हे दोन्ही नमुने एका गावच्या कागदावर कधीच ओळखू येत नाहीत.

दुय्यम निबंधकाकडचे दस्त

फेरफाराच्या शेजारी ठेवून पाहिले तर दस्त कमी मिळतात, वेळ जास्त खातात, पण माहिती पक्की देतात. फेरफार ही तलाठ्याने वर्दीवरून लिहिलेली नोंद. दस्तात मात्र लिहून देणार आणि लिहून घेणार यांचे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, धंदा, गाव असते. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, दत्तकपत्र आणि वाटणीपत्र ही चार प्रकरणे शोधण्यासारखी. चोळीबांगडीसाठी मुलीला दिलेली जमीन बक्षीसपत्रात किंवा निदान फेरफारात दिसते. साक्षीदारांची नावेही उतरवा. साक्षीला बहुधा सोयरेच उभे राहतात.

सूची क्रमांक 1 माणसांच्या नावाने आणि सूची क्रमांक 2 मिळकतीने लावलेली असते. शोध वर्षावार घ्यावा लागतो, म्हणून साल माहीत नसताना इथे येणे व्यर्थ आहे. फेरफारातून साल काढा, मग या. 1908 च्या नोंदणी कायद्याने 100 रुपये आणि त्यावरच्या स्थावराच्या दस्ताची नोंदणी सक्तीची, पण घरगुती वाटप आणि बहिणींचे हक्क सोडणे पुष्कळदा तोंडी वर्दीवरच उरकले जाई. दस्त सापडला नाही तर व्यवहार झालाच नाही असे समजू नका.

दत्तकाकडे विशेष लक्ष हवे. सोयरिकी घट्ट असलेल्या घरांत भावाचा मुलगा, आणि अनेक जातींत रूढीने मुलीचा मुलगाही, दत्तक जाई. दत्तकानंतर 'बिन' (अमक्याचा मुलगा) पुढचे नाव बदलते. जन्मदात्या आणि दत्तक अशा दोन बापांची नोंद ठेवली नाही तर एकच माणूस वंशावळीत दोघे होऊन बसतो.

गाव नमुना 14 आणि शाळेचे रजिस्टर

गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात. त्या तारखेसाठी चांगल्या, नात्यासाठी कच्च्या. जन्माची नोंद बारशाच्या आधी होई, त्यामुळे बाळाचे नाव नसते. फक्त बापाचे नाव आणि 'स्त्री' किंवा 'पुरुष'. मृत्यूची वये 40, 50, 60 अशी ठोकळ. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव पूर्ण मिळते, पण 1 जून ही जन्मतारीख दिसली तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली असते. जुन्या रजिस्टरांत आईच्या नावाचा रकाना नसे. एक गोष्ट मात्र फक्त इथेच मिळते: मूल आजोळी राहून शिकले असेल तर पालक म्हणून मामाचे नाव. मुली शाळेत गेल्या असतील तर त्यांचे माहेरचे नावही इथेच. लग्नात नाव बदलल्यावर फेरफारात ती दुसऱ्याच नावाने येते, कधी 'उर्फ' लावून, बऱ्याचदा न लावता.

नाव एक, माणसे तीन

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने चार भावांच्या घरात चार रामा निघतात आणि पुढच्या पिढीत दोन-तीन 'गणू बिन रामा'. मोडी कागदांत आडनाव बहुधा नसतेच. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे मुलगा, 'कोम' म्हणजे बायको, एवढ्यावर भागवावे लागते. वतनामुळे एक शाखा पाटील लिहिते, दुसरी मूळ आडनाव. अशा वेळी नावावर विसंबू नका, सर्वे नंबर आणि हिस्सा धरा. देवकही (कुळाचे पूजेचे चिन्ह) उपयोगी पडते: एकाच आडनावाच्या दोन घरांत लग्न झालेले दिसले तर ती एका भावकीची नव्हेत, त्यांची देवके वेगळी निघतील.

सनांचा हिशेब चुकला की पिढी सरकते. इसवी सन काढायला शकात 78 मिळवा, फसलीत 590, सुहूर सनात 599; तिन्ही वर्षे जानेवारीला सुरू होत नसल्याने वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी आणखी एक.

सून संस्थानी गावातली असेल तर तिच्या माहेरचे जुने दफ्तर वेगळीकडे असते. कोल्हापूर संस्थानाचे कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत. मराठवाड्यातली 1948 पूर्वीची नोंद उर्दूत. सावंतवाडीकडच्या घरांनी पेडणे, डिचोली बाजूला सोयरीक केली असेल तर गोव्याची नागरी विवाह नोंदणी पोर्तुगीज काळापासून, 1914 च्या सुमारापासून आहे. तिच्यात वधू आणि वर दोघांच्या आईवडिलांची नावे असतात. असा एक कागद दहा फेरफारांच्या बरोबरीचा आहे. तो मिळण्यासारखा असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून तो आधी काढा.

मांडणी

झाड काढू नका, निदान सुरुवातीला नाही. प्रत्येक माणसाला एक क्रमांक आणि प्रत्येक लग्नालाही स्वतंत्र क्रमांक द्या, आणि बाईच्या नोंदीत माहेरचे गाव, माहेरचे नाव, सासरचे नाव हे तीन रकाने रिकामे असले तरी ठेवा. ग्रॅम्प्स ही मोफत संगणकप्रणाली कुटुंब ही नोंद माणसापासून वेगळी ठेवते, म्हणून एकच माणूस दोन रेघांवर आला तरी गोंधळ होत नाही. मामाची मुलगी केलेल्या जोडप्याच्या मुलाला पणजोबा-पणज्या 8 ऐवजी 6 भरतात. सीमाभागात चालणाऱ्या मामा-भाचीच्या लग्नात तर मुलाचे आजी-आजोबा हेच आईकडून पणजी-पणजोबाही होतात. तुमच्या यादीत मामाची मुलगी केलेली जोडपी आहेत आणि तरीही त्यांच्या मुलांचे पणजोबा-पणज्या पुरते वेगवेगळे 8 निघत असतील, तर कुठेतरी एकाच माणसाला दोन क्रमांक पडले आहेत. परत सर्वे नंबरांकडे जा.