मालवण की वेंगुर्ला: आजी आणि पोरं बरोबर असतील तर

दिवाळीच्या सुट्टीत खाली कोकणात उतरायचं म्हटलं की आमच्या कोल्हापुरात पहिलं नाव निघतं मालवणचं. वेंगुर्ला म्हटलं की समोरचा विचारतो, "तिथं आहे काय?" मीही तेच विचारायचो. आता दोन्हीकडे आमची वरात नेऊन झाली आहे: मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी असहकार पुकारलेली आई. ज्यांच्या वरातीत आजी नाही त्यांनी पुढचं सगळं थोडं सवलतीनं वाचावं. त्यांच्यासाठी उत्तर वेगळं निघू शकतं.

मालवणला नावं ठेवायला जागा नाही, हे आधीच कबूल करतो. सिंधुदुर्ग किल्ला ही मुलांना दाखवायची गोष्ट आहेच. 1664 मध्ये कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि 1667 मध्ये पुरं झालं, हे पोराला शाळेत पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आमचा पठ्ठ्या होडीत उभं राहून सारखं विचारत होता, "बाबा, दार कुठाय?" आणि तटाची भिंत अंगावर आल्यासारखी झाली तेव्हा एका वळणाआड ते सापडलं. तो जो "अय्यो!" निघाला, त्यात तिकिटाचे पैसे वसूल झाले. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा, शिवराजेश्वराचं देऊळ, चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. धाकटीनं साखरबावेच्या काठावरून वाकून विचारलं, "साखर तळाला बसलीय का?" किल्ल्यावर अजून काही घरं नांदती आहेत. तिथं थांबून सरबत प्यावं. होडीवाल्यानं दिलेला वेळ मात्र पुरत नाही. तट पूर्ण फिरायचा तर धावत फिरावं लागतं, आणि पोरांना धावायला आवडतं, पण पाठीमागून आपल्याला नाही.

किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी म्हणजे 1987 मध्ये जाहीर झालेलं सागरी अभयारण्य. स्नॉर्केलिंग चालतं ते याच भागात. आम्ही गेलो तेव्हा पाणी जरा गढूळ होतं, तरी मुलाला चट्टेरीपट्टेरी मासे दिसले आणि तो दोन दिवस दुसरं काही बोलला नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली बोटीची फेरी, डॉल्फिन (आम्हाला एका पाठीचा काळा तुकडा दिसला, होडीवाल्याच्या म्हणण्यानुसार तीन होते), 2004 च्या त्सुनामीनंतर वर आल्याचं सांगतात तो वाळूचा पट्टा, संध्याकाळी रॉक गार्डन. चार दिवस कमी पडतात. शिवाय चिवला बीच, तिथं पाणी उथळ आणि शांत, लहान मुलांना खरं तर तेवढंच पुरे होतं.

मग अडलं कुठं? सांगतो. किल्ल्याला जायला जेटीवर आलो. रांग, लाइफ जॅकेट (ओलं, कालच्या माणसाच्या घामाचं), होडी पाण्यावर वरखाली होतेय आणि काठापासून तिच्यात पाय टाकायचा. आईनं एकदा होडीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या गुडघ्याकडे. होडीवाला भला माणूस होता. म्हणाला, "आजयेक हय बसवा, ती सामान बघतली." आई लगेच बसली. मांडीवर पर्स, शेजारी पाण्याची बाटली, दुपारच्या जेवणाचा डबा, माझी कॅमेऱ्याची पिशवी. आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी स्नॉर्केलिंग. पुन्हा आई काठावर. या खेपेला तिच्या ताब्यात आमच्या चौघांच्या चपला, तीन मोबाईल आणि कोरडे कपडे. तिसऱ्या दिवशी देवबाग. त्या वाळूच्या पट्ट्यावर उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा असतो, म्हणून आई नदीकाठच्या माडाखाली, पिशव्यांसकट. संध्याकाळी रॉक गार्डनला खडकांवरून चालायचं म्हणून ती बाकावर. तिनं एकदाही तक्रार केली नाही. घरी आल्यावर तिच्या मोबाईलमधले फोटो पाहिले. पाचच होते, आणि पाचही पाठमोऱ्या होड्यांचे.

मालवणचा दोष म्हणावा तर नाही, आणि नाही म्हणावं तर आहे. तिथलं जे जे उत्तम, ते पाण्याच्या पलीकडे आहे. पलीकडे जायचं म्हटलं की कुणीतरी अलीकडे उरतं. घरात तान्हं मूल असेल, कुणाला होडी लागत असेल, कुणाचे गुडघे धरलेले असतील, तर ते माणूस तीन-चार दिवस चपला राखतं. शिवाय बाजारपेठेतून जेटीकडे जाईपर्यंत "स्कुबा? पॅरासेलिंग? पॅकेज?" असं विचारणारे आठ-दहा जण भेटतात, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. त्याचं मला फार काही वाटत नाही. पोट सगळ्यांना आहे. चपलांचं मात्र वाटतं.

पुढच्या खेपेला म्हणून मी हट्टानं वेंगुर्ल्याला नेलं. बायको म्हणाली, "दोन दिवसांत कंटाळतील." पहिल्या संध्याकाळी मलाही तसंच वाटलं. गाव साडेसातला आवरतं घेतं. बाजारात जुनं क्रॉफर्ड मार्केट, बंदराजवळ टेकडीवर दीपगृह, खाली मासळीच्या होड्या. मुलगा म्हणाला, "आणि?" मी गप्प.

दुसऱ्या दिवशी मांडवी खाडीत गेलो. तिथं गावातल्या बायकांचा स्वामिनी नावाचा बचत गट 2017 पासून कांदळवनाची सफर चालवतो. इंजिन नाही, वल्ही आहेत, आणि ती बायकाच मारतात. होडी लहान, पाणी जवळजवळ स्थिर. आईला एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं होडीवालीनं हात दिला आणि ती बसली. बसली म्हणजे काय, पुढच्या फळीवर राणीसारखी बसली. पर्स, डबा, चपला सगळं होडीतच. कुणी राखायला नको.

त्या अर्ध्या-पाऊण तासात पोरांनी जे पाहिलं ते मालवणच्या तीन दिवसांत पाहिलं नव्हतं, असं मला वाटतं. मुलाला विचाराल तर तो माझं ऐकणार नाही. होडीवालीनं एक फांदी वाकवून दाखवली. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, त्याला शेंगेसारखी लांब हिरवी काठी फुटते, मग ती खाली पडून चिखलात उभी रोवली जाते. धाकटीनं विचारलं, "म्हणजे बाळ आईकडंच मोठं होतं?" ती बाई वल्हं थांबवून हसली. तिवरांची श्वास घेणारी मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, खेकडे बिळात पळताना, खंड्याची निळी रेघ. डिझेलचा वास नाही, म्हणून आवाज ऐकू येतात. आईनं तिथल्या बाईंशी माशांच्या भावावर अर्धी सफर घालवली, ती वेगळीच. एक सांगून ठेवतो: भरतीची वेळ आधी विचारून घ्या. ओहोटीत खाडी रिती होते आणि होडीला चिखलातून वाट काढावी लागते.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या रस्त्यावर आरवली लागतं, तिथला वेतोबा. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यामुळे त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा. म्हणून भाविक नवसाला चामड्याच्या थोरल्या चपला वाहतात. केळ्यांचे घडही वाहतात, पण पोरांचं लक्ष चपलांवर. एकेक जोड एवढा की आमची धाकटी त्यात बसू शकेल. ती विचारत राहिली, "आज्जी, या झिजायला किती चालावं लागेल?" पुढे रेडीचा द्विभुज गणपती, 1976 मध्ये तिथल्या खाणीच्या भागात सापडलेला, आणि जवळच यशवंतगड. गडाच्या भिंतींवर झाडांची मुळं अशी उतरली आहेत की मुलगा पुन्हा "अय्यो!" म्हणाला. तिथं आई आत शिरली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ती गाडीत बसून केळी खात होती. पिशव्या राखत नव्हती. फरक आहे.

सकाळी उभादांड्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. दोन दोऱ्या, दोन्हीकडे माणसांच्या रांगा, आणि मधे समुद्रातून हळूहळू येणारं जाळं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मुलाला दोरी धरू दिली. त्यानं दहा मिनिटं ओढलं, तळहात लाल झाले, आणि जाळ्यात आलेले तारली-बांगडे पाहून त्याला वाटलं की ते त्यानंच धरले. वाटून घेतल्यावर चार बांगडे आमच्या पिशवीत पडले. आमच्या खोलीच्या मालकीणबाईंनी ते दुपारी तव्यावर टाकून दिले. याचे पैसे कुणी घेतले नाहीत, हे सांगायचं म्हणून सांगतो. प्रत्येकाला असं होईलच असं नाही. रापण रोज लागतेच असंही नाही.

आता वेंगुर्ल्याचं वजाबाकीतलं. सागरेश्वरचा किनारा सुंदर आहे, पण मोकळा आहे. मुलांना पाण्यात सोडायचं तर एक डोळा सतत त्यांच्यावर, कारण आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यावर आमच्याशिवाय मासे वाळवणाऱ्या दोन बायकाच होत्या. खेळ नाहीत, आइस्क्रीमच्या गाड्या जवळजवळ नाहीत. खाणावळी मोजक्या. मालवणात जेवणाला निवड जास्त, कोंबडी-वडेही तिथले मला सरस वाटले. खाजं दोन्हीकडे मिळतं, त्यावर भांडू नये. आणि मूल बारा-तेराच्या पुढचं असेल, त्याला पाण्यावर उडायचं, पाण्याखाली जायचं असेल, तर वेंगुर्ल्यात ते तुम्हाला दुपारी तीन वाजता "आता काय?" विचारेल, हेही नक्की.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. वेंगुर्ल्याला आपण आजऱ्यावरून आंबोलीमार्गे उतरतो आणि वाटेत सावंतवाडी लागते. चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, भोवरे, चूलबोळकी. आमची धाकटी घाटात ओकून अर्धमेली झाली होती. लाकडी वांगं हातात आल्यावर जिवंत झाली. मालवणला फोंडा किंवा गगनबावड्यावरून उतरा, घाट सुंदर आहेत, पण वांगं नाही.

पावसाळ्यात जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात. मालवणचा निम्मा कार्यक्रम तिथंच संपतो. त्या दिवसांत वेंगुर्ल्याचं फारसं बिघडत नाही, कारण वेतोबा आणि रेडी कोरड्या जमिनीवर आहेत.

यंदा मुलगा दहाचा झाला आहे आणि त्याला पॅरासेलिंगच हवं आहे. मग तडजोड अशी ठरली: मुक्काम वेंगुर्ल्याला, एक दिवस सकाळी लवकर निघून चिपीवरून मालवण. रस्ता तासा-दीड तासाचा आहे, परत येता येतं. जेटीवर पिशव्यांजवळ या वेळी मी बसेन, असं आईला सांगून टाकलं. तिनं चष्मा पुसत विचारलं, "किल्ल्याच्या होडीत चढायला स्टूल देतात का रे?"