विदर्भात मोटरहोम घेताना: ट्रॅव्हलर की अर्बानिया, आणि चाचणी कुठल्या रस्त्यावर घ्यायची

आमच्या घरात मोटरहोमचा, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेल्या गाडीचा विषय निघाला तो आईच्या गुडघ्यांमुळे. लोणार पाहायचं राहिलं, चिखलदऱ्याला एकदा जायचं होतं, असं ती दर उन्हाळ्यात म्हणते. आणि दर वेळी गाडी अडते ती एकाच प्रश्नावर: वाटेत संडासाचं काय? ढाब्यावर उकिडवं बसणं तिला जमत नाही, म्हणून प्रवासाच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही. विदर्भाच्या मे महिन्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं पाणी न पिता प्रवास करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. म्हणून आम्ही गाड्या पाहायला लागलो.

आमचं गाव कारंजा आणि दारव्ह्याच्या मधलं. समृद्धी महामार्ग जवळ आहे, पण घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर पांदण आहे, काळ्या मातीची. शहरातला माणूस मोटरहोम घेताना महामार्गाचा विचार करतो. आपल्याला आधी त्या दीड किलोमीटरचा करावा लागतो. पुढे जे लिहितो आहे ते याच हिशेबानं वाचा.

ओढून न्यायचा ट्रेलर आम्ही लवकरच बाजूला ठेवला. दिसायला सुंदर, शिवाय गाडी सोडवून ठेवता येते. पण चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नसतात, म्हणजे आईला संडासाला जायचं तर रस्त्याच्या कडेला थांबून, उतरून, मागे चालत जायचं. आणि समोरून कापसाची बैलबंडी आली की पांदणीत ट्रेलर मागे घेणं माझ्या आवाक्यातलं नाही. ज्याला एकाच ठिकाणी आठ-दहा दिवस मुक्काम करायचा आहे त्यानं मात्र ट्रेलरचा विचार जरूर करावा.

टाटा विंगरवर केलेली गाडी आईला सगळ्यात आवडली होती. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असल्यानं मधला लांब शाफ्ट नाही, त्यामुळे फरशी खाली आणि पायरी बुटकी. गुडघेदुखीच्या माणसाला याचं मोल फार आहे. पण मोटरहोममध्ये पाणी, बॅटरी, पलंग हे ओझं बहुतेक मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चढावर पुढचीच चाकं ओढणार असली तर ती जागच्या जागी फिरत राहतात. तुमचं घर डांबरी रस्त्याला लागून असेल तर विंगर नक्की पाहा. आमचं नाही.

राहिल्या दोन व्हॅन: फोर्स कंपनीची ट्रॅव्हलर आणि फोर्सचीच अर्बानिया.

आम्ही पाहिलेल्या दोन्ही गाड्यांत २.६ लिटरचं, ११५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. दोन्ही मागच्या चाकांवर चालतात. म्हणजे घाटात कोण जास्त ओढेल याचं उत्तर इंजिनात नाही, आत किती फर्निचर ठोकलं आहे त्यात आहे. हे आम्हाला तिसऱ्या चकरेत उमगलं. तोवर आम्ही सोफ्याच्या कापडाचे रंग निवडत होतो.

चालवायला अर्बानिया सरस आहे, यात वाद नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक, पुढे दोन एअरबॅग, आणि समृद्धीवर आडवा वारा आला तरी ती रेषेत राहते. माझी बायकोही गाडी चालवते, उंची पाच फूट. अर्बानियात तिला क्लच पूर्ण दाबता आला आणि समोरचा रस्ताही नीट दिसला. ट्रॅव्हलरमध्ये पाठीमागे उशी घ्यावी लागली. घरात दोघं चालवणारे असतील तर दोघांनीही चालवून पाहावं. एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं शेजारी बसून मान डोलवायची, अशी चाचणी अर्धीच.

पण मोटरहोमला सोयीची मोठी अर्बानिया ४४०० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), सात मीटर लांब. आमच्या पांदणीच्या तोंडाशी काटकोनात वळण आहे, एका बाजूला विहीर आणि दुसऱ्या बाजूला लिंबाचं झाड. तिथं ती तीनदा मागेपुढे घ्यावी लागली. ३३५० व्हीलबेसची ट्रॅव्हलर एका दमात वळली. (ट्रॅव्हलरही ४०२० व्हीलबेसमध्ये येते, अर्बानियाही ३३५० आणि ३६१५ मध्ये मिळते. म्हणून नुसतं नाव विचारू नका, व्हीलबेस विचारा.) दुसरं म्हणजे ट्रॅव्हलर आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळ्यांना वाहते आहे. जुनी माणसं अजून तिला टेम्पोच म्हणतात. तिचे लीफ पट्टे बसवणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सहज सापडतो. धारणीच्या पुढे रात्री गाडी बंद पडली तर हाच फरक सगळ्यात मोठा ठरेल.

आता उन्हाचं. कंपनीचा माणूस तुम्हाला छतावरचा एसी दाखवतो. इंजिन चालू असतं, थंडगार वाटतं. त्याला इंजिन बंद करायला सांगा आणि बॅटरी किती आहे ते विचारा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. भर उन्हाळ्यात एक टनाचा इन्व्हर्टर एसी ८०० वॉट ते एक किलोवॉट घेतो, म्हणजे अडीच-तीन तासांत खेळ संपला. आणि रात्री सौर पॅनलकडून मदत मिळत नाही. एसीवरच झोपायचं असेल तर बॅटरी तिप्पट-चौपट लागते, नाहीतर शेजारी वीजजोड लागतो.

आपल्या कोरड्या हवेत कूलर चालतो, हे व्हॅनवर मोटरहोमची बॉडी बांधून देणाऱ्या पुण्या-मुंबईकडच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. छोटा कूलर दीडशे-पावणेदोनशे वॉट घेतो. तीच २०० अँपिअर-अवरची बॅटरी त्याला रात्रभर पुरते. फक्त रात्रीला तीस-चाळीस लिटर पाणी धरावं लागतं आणि समोरच्या बाजूची जाळीची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर आत नुसता दमटपणा साचतो. पावसाळ्यात तो कामाचा नाही, पण तेव्हा पंखा भागवतो. आम्ही मागच्या दाराच्या काचेच्या जागी कूलर बसेल का, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला. ज्यानं वहीत मोजमाप काढून दाखवलं त्याच्यावर आमचा विश्वास बसला.

भिंतीच्या आत काय भरलं आहे हे सांगून कळत नाही. त्याची परीक्षा दुपारी एक वाजता. गाडी दोन तास उन्हात बंद उभी करायला लावा, मग आत जाऊन छताला आणि पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात टेकवा. एका गाडीत दहा आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला नाही. आई दारातूनच म्हणाली, “बाप्पा, हे तं टिनाच्या घरावानी हाय.” दुसऱ्या गाडीत भिंत कोमट होती. खिडकीची चौकट उचकटून पाहिली तर आत काळ्या रबरी फोमचा जाड थर दिसला. पहिलीत पत्रा आणि प्लायवूडच्या मध्ये पोकळी होती. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत.

चाचणीची फेरी रिकाम्या गाडीनं घेऊ नका. रिकामी गाडी कुणाचीही छान पळते. पाण्याची टाकी काठोकाठ भरा (१०० लिटर म्हणजे १०० किलो), गॅसची शेगडी, गाद्या, भांडी, आणि घरातली जेवढी माणसं जाणार तेवढी सगळी बसवा. मग पहिला थांबा वजनकाट्यावर. आपल्याकडे कापसाच्या जिनिंगच्या दारात काटा असतोच. पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. आरसीवर किंवा कंपनीच्या पाटीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. आमची पहिली गाडी एकूण वजनात बसली, पण काटेवाला पावती फाडता फाडता म्हणाला, “मांगं गंज वजन झालं, भाऊ.” खरंच मागे ओझं फार झालं होतं. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही मागच्या एक्सलच्या पाठीमागे होत्या. सपाट काँक्रीटवर उभी करून चारही चाकांच्या कमानीची उंची टेपनं मोजली, तर डावी मागची बाजू दोन बोटं खाली. ओटा, फ्रिज, टाकी, सगळं डावीकडेच.

त्याच फेरीत पुढच्या गावच्या गतिरोधकावर आवाज आला. उतरून पाहिलं तर सांडपाण्याच्या टाकीचा नळ मोडून लोंबत होता, आणि सकाळी कप धुतलेलं साबणाचं पाणी रस्त्यावर वाहत होतं. ती टाकी गाडीच्या अगदी शेपटीला, जमिनीपासून वीतभर अंतरावर टांगलेली. बॉडी बांधणाऱ्याचं म्हणणं, गतिरोधक बेकायदेशीर उंच होता. असेल. पण आपल्या गावांतले गतिरोधक असेच राहणार, आणि संडासाची सोय म्हणून घेतलेल्या गाडीचं सांडपाणी कुणाच्या दारात सांडलं तर मला ते सहन होणार नाही. टाक्या दोन एक्सलच्या मध्ये आणि चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) पातळीच्या वर, ही अट आम्ही तेव्हापासून लेखी घालतो.

ब्रेकही भरल्या टाकीनं तपासा. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगानं नेऊन नेहमीसारखं थांबवा. गाडी थांबल्यावर मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका बसला तर टाकीत आडवे पडदे नाहीत आणि पाणी उसळून येतं आहे. घाटात उतरताना हाच हिसका वळणावर बसतो. जमलं तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून-उतरून या. चढताना तापमानाचा काटा पाहा, उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात गाडी किती धरते ते पाहा. आणि वर पोहोचल्यावर कपाटांच्या कड्या उघडल्या आहेत का, तेही.

उंचीकडे लक्ष असू द्या. छतावर एसी आणि पॅनल चढले की गाडी नऊ-साडेनऊ फुटांवर जाते. गावातल्या सर्व्हिस वायरी, बाभळीच्या फांद्या, रेल्वेखालच्या रस्त्याची उंची मर्यादित करणारी कमान, सगळं याच उंचीला असतं. उंची मोजा आणि स्टिअरिंगजवळ लिहून चिकटवा. टायरही पाहाच. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. भाड्यानं फिरलेली जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर तिच्यावर असे टायर सापडतात, नक्षी भरपूर पण रबर तडकलेलं. समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर ते घेऊन जाऊ नका.

कागदांच्या बाबतीत मी कुणाचं तोंडी ऐकत नाही. प्रवासी गाडी घेऊन ओळखीच्या सुताराकडून पलंग ठोकून घेणं स्वस्त पडतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत तपासणी होऊन मंजुरी मिळते. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे, आसनसंख्या किती, कर्जाचा बोजा चढलेला आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच पाहणार. चालवण्याच्या परवान्याची काळजी नको, एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा (एलएमव्ही) चालतो, आणि या दोन्ही गाड्या त्याच्या बऱ्याच आत आहेत.

महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तरी आपल्या भागात मुक्काम म्हणजे अजून ओळखीच्याचं शेत, संस्थानाचा वाहनतळ किंवा निवासाचं आवार. लोणारला आणि चिखलदऱ्याला एमटीडीसीची निवासं आहेत, आवारात गाडी उभी करू देतात का हे आधी फोन करून विचारावं.

शेवटची चाचणी रात्रीची. विकणाऱ्याला सांगा, एक रात्र गाडीत झोपून पाहायचं आहे. नाही म्हणाला तर आम्ही तिथंच विषय संपवला. ३३५० च्या ट्रॅव्हलरमधला आडवा पलंग मला चार बोटं आखूड पडला, तो उभा करून घ्यायचं ठरलं. आईनं रात्री दोनदा उठून दिवा न लावता संडास गाठला, पकडायला कडी कुठं हवी ते सकाळी हात ठेवून दाखवलं, आणि पायरीखाली अजून एक घडीची पायरी मागितली. टाक्या पुढे सरकवून गाडी परत येईल तेव्हा पुन्हा त्याच जिनिंगच्या काट्यावर न्यायची आहे. मागच्या एक्सलचा आकडा बसला तरच उरलेले पैसे द्यायचे, असं करारात लिहून घेतलं आहे.