आठ नंबरची सुई आणि विणकामाचा क्लास: सात महिन्यांनंतर

नवऱ्यासाठी विणलेला स्वेटर सहावीतल्या मुलीला रुंदीला चपखल बसला, तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. लांबी टेपने मोजत गेले होते, म्हणून ती तेवढी तिच्या मांडीपर्यंत आली.

बेळगावच्या बाजारपेठेतल्या एका लोकरीच्या दुकानाच्या माडीवर शनिवारी दुपारी हा क्लास चालतो. ऑगस्टमध्ये मी नवशिक्यांच्या बॅचला बसले (आठ शनिवार, 1,200 रुपये) आणि दिवाळीनंतर पुढच्या बॅचला (दहा शनिवार, 1,800). सुया-लोकर आपली, आणि लोकर घ्यायची ती त्यांच्याच दुकानातली. दुकानाचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथे जायचं आहे.

आमचं घर वडगावचं. चार वर्षांपूर्वीपर्यंत घरात माग होता. विणकामाच्या क्लासला जाते म्हटल्यावर मामंजी म्हणाले, "मागावर बसायला माणूस मिळत नव्हता, आणि तू पैसे मोजून शिकूल्यास?" त्यांना साडीच वाटली. कन्नडमध्ये बरं आहे, मागावरचं नेय्गे आणि सुयांवरचं हेणिगे. आपल्याकडे दोन्हीला विणकामच.

नवशिक्यांचा क्लास चांगला आखलाय, हे आधी सांगते. पहिल्या दिवशी टाके घालायला लावलेच नाहीत. मॅडमनी प्रत्येकीच्या सुईवर 20 टाके घालून दिले आणि फक्त सुलट विणायला सांगितलं. टाके घालणं सगळ्यात किचकट. तिथूनच सुरुवात केली असती, तर निम्म्या जणी दुसऱ्या शनिवारी फिरकल्या नसत्या. लोकर फिकट रंगाची, सुया लाकडी. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही आणि ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत सुईवरून तो भुर्रकन घसरतो.

पण पहिली वस्तू म्हणून दीड मीटरचा मफलर? सात शनिवार तोच! त्यापेक्षा तळहाताएवढे चौकोन चार-पाच विणून घेतले असते, तर बॉर्डर, टाके कमी करणं, बंद करणं, सगळं हाताखालून गेलं असतं. शिवाय एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण कडांनी वळतेच. माझ्या मफलरची नळी झाली. दोन्ही कडांचे चार-चार टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवायचे, हे मला सहाव्या शनिवारी कळलं.

पुढच्या बॅचची अडचण वेगळी. खोली एक, वेळ एक, मॅडमही एकच. आम्ही पिळाच्या विणीत अडकलेलो, आणि मॅडम कोपऱ्यात नवशिक्यांचे गळलेले टाके उचलतायत. तासभर हात वर करून बसलेय मी.

आता सुईकडे येते.

पुढच्या बॅचमध्ये स्वेटरचा नमुना आपला आपण निवडायचा होता. मी इंटरनेटवरून एक अमेरिकन नमुना काढला. त्यात लिहिलं होतं, सुई नंबर 8. खाली दुकानात आठ नंबरची जोडी मागितली, त्यांनी दिली, मी विणत सुटले. आपल्याकडे दुकानात चालतात ते जुने ब्रिटिश नंबर. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. आपली आठ म्हणजे 4 मिलिमीटर, त्यांची आठ म्हणजे 5. मला हवी होती ती आपल्याकडची सहा नंबर!

एका मिलिमीटरने काय होतं? नमुन्यात 10 सेंटिमीटरला 18 टाके होते, माझे पडले 22. 90 टाक्यांत 50 सेंटिमीटर पाठ व्हायची, ती 41 झाली. पुढचा भागही तसाच. छातीला एकूण 18 सेंटिमीटर गेले. 1,800 रुपये घेणाऱ्यांनी हे एका वाक्यात सांगायला नको? भिंतीवर एक तक्ता लावला की काम झालं. काउंटरवर मी निदान लोकरीचे अर्धे पैसे मागितले. "विणलेली लोकर परत घेत नाही, अक्का," एवढंच उत्तर.

इथपर्यंत जानेवारीत रागाने लिहून ठेवलं होतं. मार्चमध्ये वही चाळताना एक पान निघालं: "आधी 10 सेंमी चौकोन विणून टाके मोजणे." अक्षर माझंच. म्हणजे मॅडमनी सांगितलं होतं. चौकोनाला लोकर वाया जाते म्हणून मीच तो विणला नव्हता. तर लोकरीच्या पैशांची तक्रार मी मागे घेते. तक्त्याची नाही घेत.

आणि मॅडमविषयी एक. पिळाच्या विणीत दहा ओळी खाली एक टाका गळला होता, मी सगळं उसवायला निघाले होते. त्यांनी क्रोशाची सुई घातली आणि तो टाका शिडी चढवावा तसा एकेक ओळ वर आणला. पाच मिनिटंही लागली नाहीत. सासूबाई घरी रोज विचारायच्या, "परत उसवूल्यास काय?" त्या दिवशी नाही म्हणता आलं.

मुलगी तो स्वेटर उसवायला देत नाही. त्यामुळे नवऱ्यासाठी परत नऊ गुंडे, या वेळी सगळे एकाच लॉटचे (एकाच खेपेत रंगवलेले) बघून, आणि सहा नंबरची सुई. चौकोन विणला, 18 टाके आले. पाठ झालीय.

सुया मोजायची भोकांची पट्टी मी ऑनलाइन मागवली, 150 रुपयांना. तक्ता अजून लागलेला नाही, म्हणून पट्टी त्यांच्या काउंटरला दोऱ्याने बांधून आलेय. पुढच्या बॅचला जाणार असाल तर सुई त्यात घालून बघा. पट्टी सोडून नेऊ नका, ती माझी आहे.