पेशी "रिन्यू" करणाऱ्या गोळ्यांचं पॅकेज, घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा

आमच्या सासऱ्यांना ३६ हजाराला गंडवलंय म्हणून लिहितोय, कंपनीचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे. मंगल कार्यालयात फुकट हेल्थ कॅम्प, चहा-पोहे आणि टाय लावलेला एक "सर". हातात धातूची दांडी धरायला देतात, वायर लॅपटॉपला, मिनिटभरात जाडजूड रिपोर्ट की तुमचं वय ६८ पण पेशींचं वय ८१, टेलोमिअर झिजलेत. अहो, टेलोमिअर म्हणजे पेशीच्या आत गुणसूत्रांच्या टोकाला असलेली टोपणं, पेशी विभागत गेली की झिजतात, ती मोजायला रक्ताचा किंवा लाळेचा नमुना लॅबला पाठवावा लागतो, दांडीतून कसलं कळतंय डोंबल! मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या दांडीला ओला रुमाल गुंडाळला, तरी रिपोर्ट आलाच, रुमालाचं लिव्हर जरा वीक आहे म्हणे.

मागे बॅनरवर नोबेलवाल्यांचे फोटो, आणि माणूस गळाला लागतो तो इथेच, कारण नोबेल खरंच मिळालंय. २००९ चं ब्लॅकबर्न, ग्रायडर, शोस्टाक यांना टेलोमिअर आणि टेलोमरेजसाठी (टेलोमिअर परत लांब करणारं एन्झाइम), २०१६ चं ओसुमींना, पेशी स्वतःचाच कचरा मोडून परत कसा वापरते त्यासाठी. पण ते मूळ काम डबक्यातल्या एकपेशीय जीवावर आणि यीस्टवर झालं, त्यात गोळीबिळी कुठेच नव्हती. शिवाय कॅन्सरच्या बहुतेक पेशी हेच टेलोमरेज चालू करून न थांबता वाढत राहतात, हे तो सर सांगत नाही, सांगेल कशाला.

डब्यावरचा एफएसएसएआयचा नंबर दाखवून "गव्हर्नमेंट अप्रूव्हड" म्हणतात. तो खाद्यपदार्थाचा लायसन नंबर, फरसाणाच्या पाकिटावरही असतो. खाली बारीक इंग्रजीत छापलंय की औषध म्हणून वापरू नये.

सगळ्यात संताप आला तो पुढे. सासऱ्यांना गरगरायला लागलं तर फोनवर उत्तर, "काका, जुन्या पेशी बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे." यांनीच त्यांची बीपीची गोळी बंद करायला लावली होती! आमच्या डॉक्टरांनी बघितलं तर वरचं बीपी १८० च्या पुढे.

पैसे मागितले तर डबा फोडलाय, रिफंड नाही. बिलावर नुसतं "फूड प्रॉडक्ट", पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीये, एफडीएकडेही (अन्न व औषध प्रशासन) अर्ज दिलाय. त्यांचे कॅम्प आता तालुक्याच्या गावांतून चाललेत असं कळतंय, तुमच्याकडे हँडबिल आलं तर फेकू नका, फोटो काढून ठेवा, अर्जाला जोडायला लागेल.