घरातला वजनकाटा: कुठला घ्यावा आणि त्यावरचा आकडा कसा वाचावा

सांगलीत घरासाठी वजनकाटा घ्यायला निघालं की समोर तीन प्रकार येतात. सुई फिरणारा स्प्रिंगचा काटा, काचेचा साधा डिजिटल काटा, आणि पाय ठेवल्या ठेवल्या चरबी, स्नायू, पाणी असं सगळं मोबाइलवर पाठवणारा ब्लूटूथ काटा. किंमत साधारण सातशे रुपयांपासून अडीच हजारांपर्यंत. मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक घरांना काचेचा साधा डिजिटल काटा पुरतो. वाचलेल्या पैशांत स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि शिंप्याची टेप घ्यावी. मात्र काटा नुसता आकडा दाखवतो, त्याचा अर्थ आपण लावतो. उतरलेलं वजन टिकणार की चार महिन्यांत परत चढणार, हे बरंचसं तो अर्थ कसा लावला यावर ठरतं. म्हणून इथे यंत्राबरोबर नजरेबद्दलही लिहिलं आहे.

आधी यंत्र. डिजिटल काट्याच्या चार पायांत भार मोजणारे चार लोडसेल असतात. भार पडला की त्यातली धातूची पट्टी केसभर वाकते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन निघतं. चारही पाय कडक, सपाट जागेवर टेकले तरच हे गणित जमतं. चटई, पायपुसणं, सतरंजी यांवर काटा ठेवला की पाय रुततात आणि आकडा चुकतो. जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरशीवर तर दोन फरशांच्या सांध्यावर एक पाय अधांतरी राहतो आणि एकाच माणसाचं वजन पाच मिनिटांत दोनदा वेगळं येतं. काट्याचा एकेक कोपरा बोटाने दाबून बघा. डगमगला तर जागा बदला. एकदा जागा ठरली की फरशीवर खडूने खूण करा आणि काटा रोज तिथेच ठेवा. काटा हलवल्यावर पहिल्यांदा पाय ठेवला की बरेच काटे आपला शून्य नव्याने ठरवतात, म्हणून तो पहिला आकडा सोडून द्या आणि दुसरा लिहा.

दुकानात काटा पारखायची सोपी रीत आहे. आधी एकटे उभे राहा. मग पाच किलोची सीलबंद आट्याची पिशवी छातीशी धरून उभे राहा. फरक पाच किलोच्या आसपास, शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे, यायला हवा. नुसती पिशवी काट्यावर ठेवून उपयोग नाही, कारण इतक्या कमी भाराला पुष्कळ काटे जागेच होत नाहीत. दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची आणि ती फारसं कुणी करत नाही. वजन घ्या, उतरा, अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली हातात घेऊन लगेच पुन्हा चढा. आकडा होता तसाच राहिला तर त्या काट्यात मागचं वजन लक्षात ठेवण्याची सोय आहे. दोन वजनं जवळजवळ असली की तो जुनाच आकडा परत दाखवतो. गिऱ्हाइकाला काटा ‘स्थिर’ वाटावा म्हणून ही युक्ती असते. पण महिन्याला दीड-दोन किलोचा बदल टिपायचा असेल तर असा काटा घेऊ नका. खोक्यावर लिहिलेली ‘५० ग्रॅम’ची बारकाई म्हणजे अचूकपणा नव्हे. काटा पन्नास ग्रॅमच्या पायऱ्यांनी बोलतो, एवढाच तिचा अर्थ.

सर्जिकल सामानाच्या दुकानात या चाचण्या करू देतात. ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी करा.

आता आकडा. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काहीही खाण्या-पिण्याआधी, त्याच हलक्या कपड्यांत वजन करायचं. इतकं पाळूनही ते रोज हलतं. एक ते दोन किलोचा चढउतार अगदी नेहमीचा असतो. आदल्या रात्री लोणचं-पापडाचं जेवण झालं की मीठ पाणी धरून ठेवतं. पिठूळ आणि गोड पदार्थ जास्त झाले की यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, साठतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. पाळीच्या आधी अनेक जणींचं वजन एक-दोन किलोने वाढतं, त्यामुळे त्यांनी तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. व्यायाम नव्याने सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरतं आणि पहिले दोन आठवडे काटा वर जाऊ शकतो. पुष्कळ जण नेमका तेव्हाच व्यायाम सोडतात.

याच्या उलट, पहिल्या आठवड्यात जे दोन किलो झपकन उतरतात त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. ‘आठ दिवसांत तीन किलो’ अशा जाहिराती याच पाण्यावर चालतात.

चरबीचं गणित निराळं आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे दोनशे कॅलरी धरा. रात्रीतून खरोखर एक किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा अडतीस भाकऱ्या जास्त खाव्या लागतील. लग्नाच्या पंगतीनंतर सोमवारी सकाळी काटा सव्वा किलो वर दिसला तर हा हिशोब आठवा. त्यातला बहुतेक भाग पोटातलं अन्न, मीठ आणि पाणी असतं आणि नेहमीच्या जेवणावर दोन-तीन दिवसांत ते निघून जातं.

म्हणून रोजचा आकडा वहीत लिहायचा, पण निष्कर्ष आठवड्याच्या सरासरीवर काढायचा. उदाहरण घ्या. पहिला आठवडा: ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.६, ७९.२, ७८.८, ७८.०. सरासरी ७८.५७. दुसरा आठवडा: ७८.३, ७८.०, ७८.५, ७७.८, ७८.२, ७८.७, ७७.९. सरासरी ७८.२. म्हणजे सात दिवसांत जवळजवळ पावणेचारशे ग्रॅम उतरले, आणि हा चांगला वेग आहे. पण याच माणसाने फक्त पहिल्या सोमवारचे ७८.४ आणि दुसऱ्या शनिवारचे ७८.७ एवढेच बघितले असते, तर ‘बारा दिवस पथ्य केलं आणि वजन वाढलं’ म्हणून त्याने संध्याकाळी वडापाव खाल्ला असता. काटा तोच, शरीर तेच. फरक वहीचा.

वजन कमी करण्याचे बहुतेक प्रयत्न एकाच जागी मोडतात: ‘आता मोडलंच आहे तर खाऊन घेऊ.’ एक जिलेबी खाल्ली म्हणून चार, आज मोडलं म्हणून सोमवारपर्यंत सुट्टी. एका जिलेबीने काहीच बिघडत नाही, पुढच्या तीन दिवसांनी बिघडतं. यावर मनाची घट्टाई वाढवण्यापेक्षा आधीच ठरवलेलं ‘जर-तर’ जास्त कामाला येतं. ‘जर दुपारी चारला दुकानात चहा आला, तर बिनसाखरेचा घेईन.’ ‘जर पंगतीत गोड वाढलं, तर एकदाच घेईन आणि दुसऱ्या दिवशी वजन नेहमीसारखं लिहीन.’ दुसऱ्या वाक्याचा उत्तरार्ध सोडू नका. जास्त खाल्ल्यावर चार दिवस काट्याकडे फिरकायचंच नाही, ही सवय मोडली की निम्मं काम झालं. अमेरिकेत १९९४ पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्रीत किमान साडेतेरा किलो वजन उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची नोंद ठेवली जाते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.

सवय किती दिवसांत लागते, याला एकवीस दिवसांचा हिशोब कुठूनतरी चिकटला आहे. लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ पर्यंत फरक होता. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं अडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा महिन्याभरात अंगवळणी पडलं नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवू नका. वहीत वजनाशेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्यात आपल्या हातातली गोष्ट लिहा: आज तीस मिनिटं चालणं झालं का? आमराईत चाला, नाहीतर कृष्णेच्या घाटाकडे जा. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली पाहिजेत. वजन आपल्या हुकमात नसतं, चालणं असतं. ज्या आठवड्यात वजन हललं नाही पण चालण्याच्या पाच खुणा पडल्या, तो आठवडा चांगलाच गेला.

आता ब्लूटूथ काटा. काचेवरच्या धातूच्या पट्ट्यांतून तो अगदी सौम्य वीजप्रवाह एका पायातून चढवतो आणि दुसऱ्यातून उतरवतो, वाटेतला रोध मोजतो, आणि वय, उंची, लिंग सूत्रात घालून चरबीचा अंदाज बांधतो. प्रवाहाची मुख्य वाट पायांतून जाते, त्यामुळे पोटाच्या चरबीचा आकडा मुख्यतः सूत्रातून येतो. पाणी कमी प्यालात, पाय ओले असले, टाचांना जाड भेगा पडल्या असल्या की आकडा बदलतो. रानात अनवाणी काम करणाऱ्यांच्या तळव्यांवर काही काटे चरबी दाखवतच नाहीत. घरात सारख्या वजनाची दोन माणसं असली तर आणखी गोंधळ. एक जाऊ ६२ किलो आणि दुसरी ६३ असेल तर अ‍ॅप एकीची नोंद दुसरीच्या नावावर टाकतं, आणि महिन्याने दोघींचेही आलेख निरुपयोगी होतात. अ‍ॅपची लाल-हिरवी शेरेबाजी तर बंदच करून ठेवा. सकाळी सहाला मोबाइलने ‘जास्त’ म्हणून लाल अक्षरात सांगितलं की दिवसभर डोक्यात तेवढंच राहतं. पेसमेकर बसवलेल्यांनी हा काटा वापरू नये, गरोदर बायकांनीही टाळावा.

अ‍ॅपमधली बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारी, पट्टीही तपासा. पुष्कळ अ‍ॅप्स २५ पर्यंत ‘सामान्य’ दाखवतात. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादा खाली आहेत: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. त्यामागचं कारण आपल्या बांध्यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ही जोडी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, हा बांधा आपल्याकडे घरोघरी दिसतो आणि मधुमेहाचा धोका त्यातच असतो.

म्हणून पंधरा-वीस रुपयांची टेप अडीच हजारांच्या काट्यापेक्षा जास्त उपयोगी ठरते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा. श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका, आणि मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंमीच्या आत, बायकांची ८० च्या आत हवी. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पट्टा पोटाखाली घसरलेला असतो, त्यामुळे तो नंबर वर्षानुवर्षं ३४ च राहतो. महिन्यातून दोनदा मोजलं तरी पुरे.

स्वयंपाकघरातला काटा पाच किलोपर्यंतचा, एका ग्रॅमच्या बारकाईचा घ्या. तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतो. तो आयुष्यभर वापरायचा नाही, दोन आठवडे वापरून डोळा तयार करायचा. साखरेचा सपाट चमचा पाच ग्रॅमचा, शिगोशीग भरलेला सात-आठ ग्रॅमचा. कपाला असे दोन चमचे आणि तीन कप चहा म्हणजे दिवसाला जवळपास १९० कॅलरी, एक भाकरी. गुळाचा चहा केला तरी फारसं वाचत नाही, गुळात आणि साखरेत कॅलरी जवळजवळ सारख्याच. तेलाचा हिशोब महिन्यावर काढा. चार माणसांत चार लिटर संपत असेल तर माणशी रोज तीस ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. आणि आपली भडंग! चुरमुरे हलके, त्यामुळे डोळा हमखास फसतो. चाळीस ग्रॅम चुरमुरे, पंचवीस ग्रॅम शेंगदाणे, पंधरा ग्रॅम तेल: वाडगाभर भडंग सव्वाचारशे कॅलरींच्या घरात, दोन भाकऱ्यांहून थोडी जास्तच. सोडायचं कारण नाही. वाडगा लहान घ्या आणि दाणे मोजून टाका.

तीन-चार महिन्यांनी सरासरी अडकते. शरीर हलकं झालं की त्याचा रोजचा खर्चही उतरतो आणि मोजमापही नकळत सैल होतं. अशा वेळी जेवण आणखी कापू नका. स्वयंपाकघरातला काटा पुन्हा आठ दिवस बाहेर काढा, आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठबशा आणि भिंतीला टेकून जोर सुरू करा, डाळ-उसळ-दही-अंड्याचं प्रमाण सांभाळा. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात (२००२) ठेवलेलं उद्दिष्ट फक्त सात टक्के वजनाचं होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७८ किलोच्या माणसाला ते साडेपाच किलो होतात. तेवढं उतरवून वर्षभर तिथे थांबणं हे यश आहे, ‘कॉलेजातलं वजन’ गाठलं नाही तरी.

स्प्रिंगच्या काट्याबद्दल थोडक्यात: तो अर्ध्या किंवा एक किलोच्या रेघा दाखवतो आणि कालांतराने स्प्रिंग सैल पडते. चढण्याआधी सुई शून्यावर आहे का बघून बाजूच्या चाकाने जुळवावी. शंभर-दोनशे ग्रॅमनेही ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांना मात्र हाच बरा.

खाण्याच्या विकाराचा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घरात काटा आणू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डोस विचारून घ्यावा, नाहीतर साखर एकदम खाली जाते. हृदय कमकुवत असलेल्यांच्या बाबतीत वरचा सरासरीचा नियम लागू नाही. त्यांचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं, पाय सुजले, धाप लागली तर आठवडा संपायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

पावसाळ्यात काटा न्हाणीघरात ठेवू नका. ओलीने सेलच्या पट्ट्या गंजतात आणि आकडा भरकटतो. सेल शक्यतो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा पेन्सिल सेल असेल असं बघा. बटणाचा सेल संपला की ‘आणू नंतर’ म्हणता म्हणता महिना जातो, आणि वहीतली पानं तेवढ्या काळात कोरी राहतात.